भागोजीतात्यांचं गरम पाणी

घरी आलेल्या माणसाला लोक चहा विचारतात. आमचे भागोजीतात्या आंघोळ विचारतात.

विचारतात म्हणजे धरूनच ठेवतात. दिवस मावळला आहे आणि तुम्ही त्यांच्या अंगणात पाय ठेवलात, की तात्या आधी तुमच्या तोंडाकडे आणि मग पायांकडे बघतात. वलणीवरचा धुतलेला पंचा ओढून तुमच्या खांद्यावर टाकतात आणि म्हणतात, "चल, उरकून घे. पानी वाट बघतंय." सकाळीच आंघोळ झाली आहे, हे सांगून उपयोग नसतो. "सकाळची सकाळी गेली," हे त्यांचं ठरलेलं उत्तर.

कापडे गावाहून वर चढत आलेला रस्ता जिथे संपतो तिथे आमची वाडी. तिथे माझी पिठाची गिरणी आहे आणि गिरणीच्या भिंतीला लागून तात्यांचं घर. दिवसभर पीठ उडून माझ्या भुवयासुद्धा पांढऱ्या होतात, त्यामुळे त्यांच्या तावडीत सगळ्यात जास्त सापडतो तो मी. शिवाय वाडीत माणसंच कुठे आहेत? अर्ध्या घरांना कुलपं. उरलेल्या घरांत एक म्हातारा किंवा एक म्हातारी, फार तर दोघं. त्यांचं दळणसुद्धा इतकं थोडं असतं, की गिरणी सुरू करायला लाज वाटते. अशा ठिकाणी रोज नवा माणूस आंघोळीला मिळवायचा म्हणजे तात्यांना कष्ट पडतात.

पण ते हार मानत नाहीत. त्यांची म्हैस चारा खाईना म्हणून एकदा पोलादपूरहून गुरांचा डॉक्टर आला. त्याला यायला उशीर झाला आणि तिथेच तो फसला. तो न्हाणीतून बाहेर आला तेव्हा अंधार पडला होता आणि म्हैस तशीच राहिली होती. दोन दिवसांनी ती आपणहून खायला लागली. तात्यांच्या मते डॉक्टरचं अंग मोकळं झालं म्हणून हातालाही गुण आला. त्याने म्हशीला हात लावलाच नव्हता, हे मी बोललो नाही.

त्यांचं हक्काचं गिऱ्हाईक म्हणजे मुक्कामी एसटी. संध्याकाळी ही गाडी पोलादपूरहून येते, रात्री वाडीतच थांबते आणि सकाळी परत जाते. पूर्वी या मुक्कामाचं नाव काढलं तरी ड्रायव्हर-कंडक्टर तोंड वाकडं करत. आता ही ड्यूटी मागून घेतात म्हणे. घाटावरचा एक ड्रायव्हर तर मला म्हणाला, "सासरीबी मला असं कढत पाणी कुणी काढलं नाही हो."

ही सगळी किमया तात्यांच्या न्हाणीवर बसवलेल्या सोलरची. उतरत्या चौकटीत काचेच्या काळ्या नळ्या आणि त्यांच्या डोक्यावर आडवी गोल टाकी. घर कौलारू आहे, पण न्हाणीवर स्लॅब आहे, म्हणून ती तिथे. डोंगरातल्या झऱ्याचं पाणी पाइपाने येतं आणि उन्हाने तापतं. आमच्याकडे पावसाचे महिने सोडले तर ऊन असं असतं, की दुपारी त्या नळाखाली हात धरवत नाही. तात्या सत्तरी ओलांडलेले, तरी रोज शिडी लावून वर जातात आणि नळ्या फडक्याने पुसतात. वानरांनी चौकटीवर बसू नये म्हणून त्यांनी तिथे काकीची, म्हणजे त्यांच्या बायकोची, एक जुनी लाल साडी बांधली आहे. वानरं तिच्याच सावलीत बसतात.

आता त्यांच्या विक्षिप्तपणाचा दुसरा भाग सांगतो, कारण वाडीला त्याचाच जास्त राग. संध्याकाळी पाया पडून आंघोळ घालणारा हा माणूस दिवसा त्या पाण्याला कुणाला हात लावू देत नाही. माझ्या बायकोची कंबर धरली होती. शेकायला बादलीभर पाणी मागायला ती सकाळी गेली, तर तात्या न्हाणीच्या दारात आडवे उभे राहिले. "दिवस मावळू दे गो. मंग टाकी तुझीच हाय." ती कण्हत परत आली आणि तिने तात्यांचा उद्धार केला. संध्याकाळी तेच तात्या दोन बादल्या उचलून आमच्या दारात हजर. मला वाटायचं, दिवसभर ऊन खाऊ दिलं की पाणी जास्त तापत असेल, म्हणून हा नियम. म्हाताऱ्या माणसांचे असतात असे नियम.

सोलर आला त्यालाही एक कारण होतं. काकी होती तोवर न्हाणीच्या मागे चूल पेटायची आणि तिच्यावर तांब्याचा हंडा चढायचा. पहाटेपासून काकी तिथे खोकत फुंकर घालत बसायची. गणपतीला मुंबईहून दोन्ही मुलगे, सुना आणि नातवंडं आली, की सगळ्यांच्या आंघोळी होईपर्यंत ती चुलीपुढून उठत नसे. ती गेली आणि पुढच्या गणपतीला थोरली सून त्या चुलीपुढे बसली. लाकडं ओली. तिचे डोळे सुजले, पोरं धुराने खोकली आणि धाकट्या नातवाने थंड पाण्याला भिऊन आंघोळच केली नाही. सगळी दुसऱ्या दिवशी परत गेली. जाताना थोरला विलास म्हणाला, "तात्या, पाण्याची सोय झाली ना, तर पाच दिवस राहू आम्ही." तो वाईट मनाने बोलला नाही, आणि सुनेचंही काही चुकलं नव्हतं. पण तात्यांनी ते वाक्य गाठीला बांधलं.

उन्हाळ्याच्या तोंडावर ते महाडला गेले. दुकानदाराने पहिलाच प्रश्न विचारला, "घरात माणसं किती?"

तात्या म्हणाले, "आठ."

मी बरोबर होतो. मी त्यांच्याकडे बघितलं, पण ते खोटं बोलत नव्हते. दोन मुलगे, दोन सुना, तीन नातवंडं आणि स्वतः. आमच्या वाडीत कुणालाही विचारा, तो अशीच माणसं मोजतो. मुंबईला गेलेला माणूस घरातून गेलेला नसतो, तो फक्त मुंबईला असतो. दुकानदाराने आठ माणसांची टाकी दिली. पावसाळ्यात ऊन नसलं की हे चालणार नाही, असंही त्याने सांगितलं. विजेची कांडी बसवून घ्या म्हणाला. पण पावसाळ्यात आमच्याकडे वीज पाहुण्यासारखी येते, त्यामुळे तो विषय तिथेच संपला. आणि गणपती पावसाळ्यातच येतात, ही गोष्ट त्या दुकानात आम्हा दोघांच्याही डोक्यात आली नाही. बाहेर रस्ता भाजून निघत होता.

ती डोक्यात आली ती गणपतीच्या आदल्या दिवशी. सगळी माणसं संध्याकाळच्या गाडीने उतरली. विलासने मान वर करून न्हाणीवरची टाकी बघितली आणि पोरांना म्हणाला, "आता धूर नाय, काय नाय. नळ सोडला की गरम पानी." तात्या हसले. वर आठवडाभर ढग होते आणि टाकीतलं पाणी झऱ्याइतकंच गार होतं.

पहाटे खिडकीवर टकटक झाली. तात्या होते, हातात कंदील. "सुरेशा, तेल ओतायचं नरसाळं दे तुझं. आनि शिडी धरायला ये."

त्यांनी माझ्या गिरणीच्या मागे, त्यांच्या घरातून दिसणार नाही अशा जागी, तीन दगड मांडून हंडा चढवला होता. वरून पाऊस. हंड्यावर एका हाताने पत्रा धरलेला. टाकीतलं गार पाणी त्यांनी आधीच सोडून दिलं होतं आणि झऱ्याचा पाइप बंद केला होता. सोलरच्या टाकीवर वाफ जायला एक उभी नळी असते. तात्या कढत पाण्याची कळशी घेऊन शिडी चढले, त्या नळीत माझं नरसाळं बसवलं आणि ओतायला लागले. मी खाली शिडी धरून भिजत होतो आणि मनातल्या मनात त्यांना शिव्या देत होतो. किती कळशा नेल्या ते मी मोजलं नाही. एकदा त्यांचा पाय सटकला तेव्हा मी एका हाताने त्यांचा घोटाच धरला. "तात्या, सांगून टाका ना त्यांना, ढग हायत म्हणून," मी म्हणालो. वरून उत्तर आलं, "मंग उद्याच जातील."

सकाळी न्हाणीतून पोरांचा दंगा ऐकू आला. थोरली सून बाहेर येऊन म्हणाली, "तात्या, तुमचा सोलर ढगातपण चालतो हां." तात्या ओटीवर बसले होते, पांघरुणात हात लपवून. हाताला फोड आले होते. मी त्यांना इतकं खूश कधी बघितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पहाटेही आम्ही तेच केलं.

दुपारी विलास गिरणीवर आला. म्हणाला, इथे फोनला रेंज नाही, ऑफिसचं काम अडलंय, पोरांचा क्लास बुडतोय. उद्या सकाळच्या गाडीने निघतो. मी विचारलं, "पाण्याची सोय झाली ना रे?" तो म्हणाला, "झाली ना, मस्त झाली." मला त्याचा भयंकर राग आला, पण तो खरंच मनापासून सांगत होता. पाणी हे कारण कधी नव्हतंच. ते त्यालाही ठाऊक नसावं.

तिसऱ्या दिवशी पहाटे तात्यांनी मला पुन्हा उठवलं आणि जाणाऱ्या माणसांसाठी पुन्हा हंडा तापला. एसटीच्या पायरीवरून विलास म्हणाला, "येऊ तात्या दिवाळीला. पाणी तापवून ठेवा." गाडीतून कुणीही बोलतं, तसाच तो बोलला.

दोन दिवसांनी ढग पांगले आणि लख्ख ऊन पडलं. आठ माणसांचं पाणी तापलं. आंघोळीचे आग्रह तेव्हापासून सुरू झाले. मी समजत होतो, तात्यांना एवढं पाणी वाया घालवणं जिवावर येतं. दिवाळी गेली, शिमगा गेला. दोन्ही वेळा काही ना काही अडचण निघाली.

परवा माझ्या गिरणीचा पट्टा तुटला. नवीन पट्टा महाडच्या दुकानातून एसटीने येणार होता, म्हणून संध्याकाळी मी गाडीच्या थांब्यावर गेलो. तिथे तात्या आधीच उभे होते. इस्त्रीचा सदरा, केस ओले करून भांग पाडलेला. गाडी थांबली. कापड्याच्या बाजारातून आलेल्या दोन बायका उतरल्या. मग कुणी उतरलं नाही. तात्या गाडीत वाकून शेवटच्या बाकापर्यंत बघत होते. मग कंडक्टरला म्हणाले, "पोलादपूरला मुंबईची गाडी लागली व्हती ना?"

"लागली होती तात्या. तिच्यातून आपल्या वाडीचं कुणी नव्हतं." कंडक्टरने हे इतक्या सवयीने सांगितलं, की तो रोजच सांगत असणार.

"बरं," तात्या म्हणाले. मग त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "चला तर मंग. पानी वाट बघतंय."

मी पट्टा खांद्यावर टाकून त्यांच्या मागून चालत होतो. विचारावंसं वाटत नव्हतं, तरी विचारलं. "तात्या, तुमी स्वतः आंघोळ कधी करता?"

"सकाळी. झऱ्यावर."

"थंड पाण्याने?"

"मला काय हुतंय?" ते म्हणाले. "ता पानी त्यांचं हाय. इलास बोलून गेलाय, तापवून ठेवा. अचानक आली, पोरं दमलेली असली, आनि टाकी रिकामी असली तर? गाडी येऊन गेली, म्हंजे त्या दिवसाचं मोकळं. मंग कुनी बी वापरा."

इतके महिने मी त्या पाण्याने अंग धुतलं आणि त्यांच्या नियमाची टिंगल केली. ड्रायव्हर-कंडक्टरच्या आंघोळी झाल्यावर तात्यांनी माझ्याकडे बघितलं. माझी दुपारीच झाली होती. मी स्वतः हात पुढे करून पंचा घेतला.

मी आत गेलो की तात्या नेहमी बाहेरच्या पायरीवर बसतात. आतला पाण्याचा आवाज ऐकत नुसते बसतात. पूर्वी मला संकोच वाटायचा, म्हणून मी गुपचूप चार तांबे घेऊन बाहेर यायचो. त्या दिवशी मी बादली काठोकाठ भरली. घरात पोरंसोरं आंघोळ करतात तसं पाणी उडवत, तांब्या आपटत अंगावर घेत राहिलो.

"पोटभर घे रे," बाहेरून तात्या म्हणाले.

बादली संपली. तरी मी थोडा वेळ रिकामा तांब्या तिच्यात वाजवत राहिलो.