शंभर माणसांमागे एक दाणा

शुक्रवारी सकाळी ओगान्दो मास्तर स्वयंपाकघरात आले, तेव्हा फळीवरच्या सहाही वाट्या घासून पालथ्या घातलेल्या होत्या. काल संध्याकाळपर्यंत त्या वाट्यांत सान हुआन प्रांताची लोकसंख्या होती. शंभर माणसांमागे राजम्याचा एक दाणा, असे दोन हजारांवर दाणे मास्तरांनी आठवडाभर निवडून, मोजून तालुकावार लावले होते. मुख्य शहराची वाटी शिगोशीग होती, तर बायेहुएलो तालुक्याच्या वाटीचा नुसता तळ झाकला होता. मास्तरांचं लोमा सेका हे गाव त्याच तालुक्यातलं.

चुलीवर मोठं पातेलं रटरटत होतं आणि मास्तरांची बायको एनेरोलिसा त्यात नारळाचं दूध ओतत होती. ईस्टरच्या आधीचे उपवासाचे दिवस, त्यात शुक्रवार, म्हणजे घरोघरी राजम्याची खीर होणारच. तिनं वळून पाहिलं तेव्हा तिचे डोळे भरून आले होते.

"लेओ, एकतीस वर्षं झाली लग्नाला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तू माझ्यासाठी राजमा निवडलास. एक खडा सापडला नाही मला. एका वाटीत ढीगभर अन् एकीत चिमूटभर, पण पुरुषमाणसाला माप कुठलं कळायला?"

या क्षणी खरं सांगणं म्हणजे एकतीस वर्षांच्या संसारावर पाणी ओतणं, एवढं मास्तरांना भूगोल न वापरताही कळत होतं.

पण दुपारी तीनला शिक्षण कचेरीच्या बाल्देसबाई येणार होत्या. लोमा सेकात आता एकोणीसच घरं उरली, बाकीची राजधानीला गेली, असं कचेरीच्या कागदात होतं. म्हणून जूनपासून सहावी आणि पुढचे वर्ग बंद करायचे आणि मुलांनी डोंगर उतरून खालच्या गावच्या शाळेत जायचं, असं घाटत होतं. मास्तरांनी बाईंना आपला नकाशा पाहायला बोलावलं होतं. घराचं जुनं दार आडवं टाकून त्यावर त्यांनी मातीचा प्रांत घडवला होता. उत्तरेला नि दक्षिणेला डोंगर, मधे खोरं, खोऱ्यात खरा भात, उतारावर खरी कॉफी, माळावर शेंगदाणे. माणसं तेवढी चिकटवायची राहिली होती. काल धीर न धरवून त्यांनी आपल्या गावाचे दोन दाणे सगळ्यात आधी लावले, आणि डिंक संपला.

मास्तर तडक दुकानात गेले. दुकानदार तिलो त्यांच्याकडे बघतच राहिला.

"आज राजमा मागताय, मास्तर? पिकला तेव्हा ट्रक भरून राजधानीला गेला. उरला तो बायकांनी काल नेला. ओली हिरवी तूर आहे, देऊ?"

देशाला राजमा पुरवणाऱ्या प्रांतात राजम्याचा एक दाणा मिळू नये, याचं मास्तरांना वर्गात शिकवताना कधी इतकं वाईट वाटलं नव्हतं. तूर त्यांनी नाकारली. हिरवी माणसं चालली नसती.

शेजाऱ्यांकडे मागावं म्हणून ते गल्लीत शिरले, तर त्यांच्या आधी त्यांची कीर्ती पोचली होती. ओट्याओट्यावर पुरुष मान खाली घालून नारळ खवत नाहीतर रताळी सोलत बसले होते, आणि बायका दारात उभ्या राहून मास्तरांचं कौतुक करत होत्या. राजमा सगळीकडे पातेल्यात गेला होता.

"मास्तर, तुमचं-आमचं काही वैर होतं का?" बोटाला चिंधी बांधलेल्या बेनेरांदोनं विचारलं.

मास्तर हात हलवत परत आले. तोवर खीर झाली होती आणि एनेरोलिसा ती वाडगे भरभरून घरोघरी पाठवत होती. लोकसंख्या अशी दारासमोरून निघून जाताना मास्तर बघत राहिले.

बाल्देसबाई नेमक्या वेळेवर आल्या. या भागात तसं कुणी करत नाही. त्यांनी डोंगर पाहिले, कॉफी पाहिली आणि चष्मा सारखा केला.

"अख्ख्या प्रांतात दोनशे माणसं? आणि तीही सगळी तुमच्याच गावात?"

"बाकीची होती, बाईसाहेब. आता ती परत यायची नाहीत."

"आमचं तरी दुसरं काय म्हणणं आहे?" बाई म्हणाल्या आणि त्यांनी कागद काढला. आपण आपल्याच हातानं शाळेला कुलूप लावलं, असं मास्तरांना वाटलं आणि त्यांना रडू यायचं बाकी राहिलं.

एवढ्यात एनेरोलिसानं खीर खायला आत बोलावलं. आत टेबलावर, फळीवर, शिवणयंत्रावर, खिडकीत वाडगेच वाडगे होते. खिरीचा वाडगा कुणी रिकामा परत करत नाही. ज्या घरी गेला, त्या घरची खीर आली होती, आणि भांडी हरवू नयेत म्हणून प्रत्येकावर घरधन्याचं नाव होतं. बाईंनी दोन घास खाल्ले. मग चमचा तोंडात तसाच ठेवून त्या नावं वाचू लागल्या.

"दियोहेनेस देल रोसारियो? हे तर राजधानीला गेलेत."

"गेले होते. डिसेंबरात परतले," एनेरोलिसा म्हणाली. "खीर मात्र अजून पातळच करतात."

बाईंनी कागद पुढ्यात ओढला आणि खिडकीपासून सुरुवात केली. वाडगे एक्केचाळीस भरले. त्यांनी एकोणीसवर काट मारली, शेजारी एक्केचाळीस लिहिलं, सही केली आणि देल रोसारियोची खीर बाजूला सारून तिलोच्या घरची ओढली.

"पुढच्या शुक्रवारी आमच्या साहेबांना आणलं तर चालेल?" जाताना बाईंनी विचारलं.

"आणा की," एनेरोलिसा म्हणाली. "लेओ राजमा निवडून देईल."

पुढच्या गुरुवारी दुपारी गल्लीतले सगळे पुरुष ओट्यांवर राजमा निवडत बसले होते. मास्तरांकडे बघून कुणी हसत नव्हतं. मास्तरांपुढे त्याच सहा वाट्या होत्या आणि दाणे सवयीनं त्यात तालुकावार पडत होते. एनेरोलिसा थोडा वेळ बघत उभी राहिली.

"दर वेळी या एकाच वाटीत एवढे का टाकतोस?"

"तिथं पाणी आहे, रस्ता आहे, दवाखाना आहे," मास्तर म्हणाले.

तिला यातलं काही कळलं नाही. तिनं शिगोशीग वाटीतले मूठभर दाणे उचलले आणि जिचा नुसता तळ झाकला होता तिच्यात टाकले. मास्तरांनी ते परत काढले नाहीत.