थ्वाबाईंचा अंगठा

"पत्ता नीट लिहा, गुरुजी. गेल्या खेपेला मी नातू मागितला आणि तो शेजारणीला झाला."

डो गुरुजींनी कुंचला शाईत बुडवला. ताय हो तलावाकाठी मातेच्या देवळाबाहेर विनंतीपत्रं लिहून देणारे चौघे बसत. विनंती जुन्या हान, म्हणजे चिनी, अक्षरांतच हवी. ती अक्षरं लिहून घेणाऱ्यांना मात्र वाचता येत नसत. सगळा विश्वासाचा मामला.

वू ती न्यान, वय त्रेसष्ट, हिचं मागणं असं की—

"माझ्या नवऱ्याला त्या थ्वाबाईच्या हातातून सोडव."

"हातातून?"

"नाचताना हातच धरतात ना. बाकीचं मला बोलायला लावू नका."

बाकीचं असं. तीन वर्षांपूर्वी न्यानचा नवरा खिएम रोज पहाटे होआन किएम तलावाकाठी व्यायामाला जायला लागला. तिथे एका पुतळ्याखाली गाणी लावून म्हातारी माणसं जोडीनं नाचतात. खिएमच्या वाट्याला पलीकडच्या गल्लीतली विधवा थ्वाबाई आली. मग पांढरे बूट आले. मग केसांना काळा रंग. गेल्या महिन्यात अत्तर.

"अहो, तलावातल्या कासवांना तुमचा वास द्यायचाय का?"

"घाम येतो गं," खिएम म्हणाला होता, आणि शीळ घालत जिना उतरला होता.

शीळ. चाळीस वर्षांच्या संसारात एकदाही नाही, आणि आता शीळ.

तर आज चांद्रमासाची प्रतिपदा. न्यानने ताटात उकडलेली कोंबडी, चिकट भात, विडा मांडला, त्यावर विनंतीपत्र ठेवलं आणि गर्दीतून वाट काढत ताट वेदीवर नेऊन टेकवलं. टेकवलं आणि पाहते तो काय: शेजारीच थ्वाबाई उभी. अंगात सणावाराचा पायघोळ झगा, जांभळा रेशमी आओ ज़ाय. ताटात कोंबडी, तीही गुबगुबीत, चोचीत लाल गुलाब धरून बसलेली.

"अगं बाई, वहिनी, तुम्हीपण?" थ्वाबाई हसली आणि उदबत्त्या आणायला गेली.

न्यानने इकडेतिकडे पाहिलं. मग आपलं ताट बोटभर पुढे सरकवलं. मातेची नजर आधी कुणावर पडावी, याला काही न्याय आहे की नाही? आणखी बोटभर. गुलाबवाली कोंबडी कलंडली आणि थ्वाबाईचा कागद न्यानच्या पायाशी पडला.

तिने तो उचलला. परतच ठेवणार होती. पण त्यात काय मागितलंय? खिएम? अख्खा खिएम?

अक्षरं उलटी की सुलटी, तेही तिला कळेना. डो गुरुजींकडे जाण्यात अर्थ नव्हता, त्यांना तिचं नाव ठाऊक. ती टोकाच्या लेखनिकापुढे जाऊन बसली.

"मी थ्वा. सगळं बरोबर लिहिलंय ना, तेवढं वाचून दाखवा."

त्याने घसा खाकरला आणि मंत्र म्हणावा तसा खड्या सुरात सुरू केलं:

'फान ती थ्वा, वय एकसष्ट, हात जोडून कळवते की खिएम नावाचे गृहस्थ तीन वर्षं माझ्या पायावर नाचत आहेत. डाव्या अंगठ्याचं नख दोनदा गेलं. ते मोठ्याने पावलं मोजतात आणि मोजताना चुकतात. माणूस सज्जन आहे, म्हणून तोंडावर सांगवत नाही. माते, त्यांना दुसरी कुणीतरी दे.'

"बरोबर आहे ना, ताई?"

खरं तर न्यानने पेढे वाटायला हवे होते. तिचे कान तापले.

"तो कागद माझा आहे, वहिनी," मागून आवाज आला.

"ठाऊक आहे." न्यान उठली. "काय वाईट आहे हो त्यांच्यात?"

"वाईट काही नाही." थ्वाबाई ओशाळली. "वजन आहे."

"चाळीस वर्षं मी सांभाळलेला माणूस. त्याला घालवायला तुम्ही कोंबडी वाहता? गुलाबासकट?"

"कोंबडी तर तुमच्याही ताटात होती. तुम्ही काय मागितलंत?"

"तब्येत."

"मग तुम्हीच नाचा ना त्यांच्याबरोबर. तब्येतीला बरं असतं."

न्यानने मनात हिशेब मांडला. दोन बायका. एकच दिवस. एकच मागणं. असं मागणं कुठली देवी नाकारेल? म्हणजे उद्या पहाटे ते पांढरे बूट पलंगाशी येऊन उभे राहणार: "चल गं."

लग्नाच्या वर्षी गिरणीच्या संमेलनात ती त्याच्याबरोबर एकदा नाचली होती. करंगळीचं नख अजून वाकडंच उगवतं.

ती धावली. वेदीवरची उदबत्ती संपत आली होती; ती विझली की मागणं मातेला पोचलंच. तिने गर्दीतून हात घालून आपला कागद ओढला, हातातल्या थ्वाबाईच्या कागदासकट पिशवीत कोंबला आणि डो गुरुजींपुढे धापा टाकत बसली.

"नवीन लिहा. नाव, फान ती थ्वा."

"या कोण?"

"आमच्या घरच्यासारख्याच. लिहा: माते, यांच्या अंगठ्याला लोखंडाचं बळ दे."

गुरुजींचा कुंचला हवेत थांबला. "कुठल्या अंगठ्याला?"

"डाव्या," न्यान म्हणाली. मग क्षणभर विचार करून, "दोन्ही लिहा."