तोरिकाच्या कपाची शेपटी

माझी नणंद उनाइसी रिकाम्या हातानं येते आणि भरल्या हातानं जाते. "केरेकेरे" म्हणून मागितलं की संपलं, नात्यातल्या माणसाला नाही म्हणायची आमच्या फिजीत सोय नाही. तिनं माझी कढई नेली, चटई नेली, खुडुक बसलेली कोंबडी अंड्यांसकट नेली. मी मात्र तिच्याकडं मिठाचा खडासुद्धा मागितला नाही. मरेन पण मागणार नाही, असं मी चर्चच्या ओट्यावर सगळ्या बायांदेखत सांगून ठेवलेलं.

शनिवारी पोरींचा रग्बीचा सामना होता, तोही उनाइसीच्या गावाशी. आमच्याकडून माझी नात तोरिका, तिकडून तिची नात सालोते. "तुझ्या सालोतेला तोरिकाच्या टाचा तेवढ्या दिसतील," असंही मी सांगून ठेवलेलं. सांगून ठेवायची मला सवयच आहे.

आणि नेमकी शुक्रवारी तोरिकाची पाळी आली. संघाच्या चड्ड्या पांढऱ्याशुभ्र. मागच्या वेळी पॅड लावून खेळली, तर ते भर मैदानात पडलं आणि पंचानं शिट्टी वाजवली.

"आजी, या वेळी सुवा शहरातून कप आणलाय," ती म्हणाली. गुलाबी, रबरासारखी इवलीशी वाटी, बुडाला बारीक शेपटी. घडी करून आत ठेवायची, सगळं तिच्यातच जमतं म्हणे. मी जन्मभर कापडाच्या घड्यांवर काढलेली बाई, मी काय बोलणार? तरी बोललेच.

पोरगी न्हाणीत गेली ती गेलीच. मग काहीतरी उडून पत्र्यावर टण्णकन आदळलं.

"आजी, हातातच उघडतोय हा."

"अंग आवळून धरलंयस. शिंपले वेचायला बसतो तशी उकिडवी बस आणि श्वास सोड."

बसला एकदाचा. पण तोरिका बाहेर आली ती खेकड्यासारखी तिरकी. "शेपटी टोचतेय. पाऊल टाकलं की टोचतेय."

"अशी धावलीस तर चेंडू समुद्रात नेशील. काढ तो."

काढताना वेगळीच तऱ्हा. ती शेपटी धरून ओढतेय आणि तो सोडायला तयार नाही. मी दाराबाहेरून ओरडले, "खडकावरचं कालव ओढून निघतं का गं? बुडाशी चिमटीत दाब, आत हवा शिरू दे." निघाला. तिनं तो उकळला, खिडकीत वाळत ठेवला आणि भिंतीकडं तोंड करून पडली. "मी उद्या खेळत नाही."

तेवढ्यात पाद्रीबाबा जेवायला आले. त्यांना कसावा आणि नारळाच्या दुधातला अळू वाढतेय, तर दारात उनाइसी. तिची नजर घारीची. थेट खिडकीवर.

"वहिनी, किती गोड नरसाळं. केरेकेरे. बाटलीत खोबरेल भरताना माझं निम्मं सांडतं."

पाद्रीबाबांसमोर काय सांगू, कुठलं नरसाळं आहे ते? त्यांनी तर तो कप हातात घेऊन उजेडात धरला. "छान वस्तू आहे," म्हणाले.

"ने बाई," मी म्हणाले.

ते गेल्यावर तोरिका उठून बसली. "आजी, तू माझा कप देऊन टाकलास? आज नाही तर उद्या जमला असता. आता काय घालून खेळू?"

सुवा राहिलं लांब, बोट सोमवारी. पोरीचे डोळे भरले. मी कमरेला गुंडाळलेला सुलू घट्ट आवळला आणि नणंदेच्या गावची वाट धरली.

तिच्या ओसरीवर सगळ्या बाया चटया विणत बसलेल्या. त्याच, चर्चच्या ओट्यावरच्या. मी चटईच्या कडेला टेकले आणि मान खाली घातली.

"केरेकेरे," मी म्हणाले.

"काय वहिनी? ऐकू नाही आलं."

"ऐकू आलंय तुला. ते नरसाळं दे."

"ते होय? त्याला भोकच नाही. शेपटी छाटली तरी तेल पडेना. असलं फालतू सामान घरात ठेवतेस कशाला?"

मी तिच्याजवळ सरकले. मी तिच्या कानात सांगितलं. उनाइसीनं कपाकडं पाहिलं, आपल्या हाताकडं पाहिलं, आणि चटईवर आडवी होऊन हसली. मग ओसरीला मोठ्यानं सांगितलं. पाद्रीबाबांनी उजेडात धरला होता, हेही सांगितलं. माझी एवढी वर्षांची अब्रू त्या बायांनी चटईत विणून टाकली.

घरी येऊन कपात पाणी भरून पाहिलं. गळेना. तोरिकानं तो पुन्हा उकळला आणि सकाळी उकिडवी बसून, श्वास सोडून बसवला. बाहेर आली. एक पाऊल टाकलं, थांबली. दुसरं टाकलं. मग अंगणात कोंबड्यांमागं धावत सुटली. "आजी, टोचतच नाही. शेपटीच नाही ना आता."

सामन्यात शेवटी शेवटी चेंडू तिच्या हाती आला आणि ती सुसाट सुटली. सालोतेला टाचाच दिसल्या. पांढऱ्या चड्डीवर चिखलाशिवाय काही नव्हतं. मी ऊर फुगवून उभी, तर बाजूला उनाइसी हजर.

"वहिनी, हा निम्मा विजय माझ्या कात्रीचा हं. आणि सालोतेसाठी पण असलाच एक मागव. केरेकेरे."

बाया ऐकत होत्या. मी म्हणाले, "मागवते. पण उनाइसी, माझ्या घरातून तू आजवर जे जे नेलंस, त्यातली हीच एक वस्तू परत आली. आणि तीसुद्धा तुला धड मोडता आली नाही म्हणून."