गिरणीवरची कॉफी

तनुजाने नवा फ्रेंच प्रेस ओट्यावर ठेवला, तेव्हा सासूबाईंनी आधी त्याची दांडी वरखाली करून पाहिली.

"ताक घुसळायचं हाय व्हय ह्यात?" सुभद्राबाईंनी विचारलं.

"कॉफी करायची आहे, आई."

"पाजणारीनं काळं प्यायचं न्हाई. दूध आटतं."

"एक कप चालतो. डॉक्टरांना विचारलंय." खरं तर तिने दोन डॉक्टरांना विचारलं होतं आणि तिसऱ्यांची वेळ घेऊन ठेवली होती. पण छकुली झाल्यापासून एकही कप तिला गरम मिळाला नव्हता. आज तो प्यायचा म्हणजे प्यायचा.

अडचण एवढीच, की बिया अख्ख्या आल्या होत्या आणि छकुली नुकतीच झोपली होती. तिच्या झोपेसाठी तनुजाने दाराची बेल बंद केली होती, कुकर सकाळीच उरकला जाई, आणि दुसऱ्या शिफ्टहून आलेला नवरा चोरासारखा मोजे घालून घरात शिरे. तिथे मिक्सर कोण लावणार?

"आण इकडं," सासरे अर्जुनराव टोपी घालत म्हणाले. "गिरणीतनं आणतो."

"थोड्याच देते. जाडसर हवंय, बाबा. लापशीच्या रव्यासारखं."

"आता दळण मला शिकव."

दळण अगदी लापशीसारखं आलं. तनुजाने बाळाच्या खोलीचं दार लोटलं, प्रेसमध्ये पूड घालून वर कढत पाणी ओतलं. वाफ वर आली आणि तिला ठसका लागला. मग सासूबाईंना. मग दारात उभ्या अर्जुनरावांना.

"बाबा, हे कशात दळलंत?"

"गिरणीवाला चक्कीत टाकू देईना. पीठ काळं व्हईल म्हणला. मग मिरची कांडपात टाकलं. झाडून घेतलं हुतं त्यानं."

"वत ते मोरीत," सुभद्राबाई पदरातून म्हणाल्या.

"नाही." तनुजाने मोबाइलवर चार मिनिटं लावली, ती खोकत काढली, दांडी सावकाश खाली दाबली आणि कप भरला. पहिल्याच घोटाला कान तापले. तिने दुसरा घोट घेतला.

"डोळ्यातनं पानी येतंय तुझ्या."

"येऊ दे. गरम आहे."

तेवढ्यात अर्जुनरावांना शिंक आली. मांडणीवरची परात खाली आली आणि गरगरत मोरीपर्यंत गेली. तनुजा कप तसाच ओट्यावर ठेवून पाळण्याकडे धावली. छकुली मूठ गालाखाली घेऊन झोपली होती. तनुजाने तिच्या नाकाखाली बोट धरून पाहिलं. श्वास व्यवस्थित होता.

"तिला काय हुतंय," सुभद्राबाई मागून म्हणाल्या. "तू आंघुळीला गेलीस की मी मिक्सरवर कूट करते. मिक्सर लावला की झोपती ती."

"मग मला कधी सांगितलं नाहीत ते?"

"सांगून काय उपेग? तू तिसऱ्या डाक्टरला इचारलं असतंस."

तनुजाने उरलेल्या बिया मिक्सरमध्ये ओतल्या आणि सासूबाईंकडे बघत बटण फिरवलं. घर दणाणलं. आतून हूं की चूं नाही.

नवी कॉफी गाळून होईपर्यंत मागे फुर्रकन आवाज झाला. सुभद्राबाई तनुजाच्या कपात उरलेली पहिली कॉफी बशीत ओतून पीत होत्या.

"टाकते ती, आई. तिखट आहे."

"ऱ्हाऊ दे. घसा मोकळा झाला. तुझी ती फिक्की पी तू."

"पण काळं प्यायचं नसतं ना?"

"पाजणारीनं," सुभद्राबाई बशीवर फुंकर घालत म्हणाल्या.