सोमणसाहेबांचं प्राणयंत्र

सोमणसाहेबांच्या घरी गेलं की ते आधी तुम्ही जिवंत आहात की नाही ते तपासतात, मग 'बसा' म्हणतात.

दार उघडतं, पण माणूस दिसत नाही. आधी एक पेटी पुढे येते. पितळी रंगाची, वर मूठ, पुढे तीन दिवे आणि एक काटा. काटा थरथरतो, पेटी कुईकुई करते, हिरवा दिवा लागतो. मग पेटीच्या मागून साहेबांचा चष्मा वर येतो.

"या जगदाळे. जिवंत आहात."

"तुमची कृपा," मी म्हणतो.

पेटीची मूठ माझ्या कुकरची आहे. दोन दिवसांसाठी म्हणून नेली होती. आता मी कुकर फडक्याने धरतो.

माझं शिक्षण चौथीपर्यंत. पुढची पुस्तकं जड नव्हती, मास्तर जड होता. कोलकात्यात साहेब लोकांचं एक गेस्टहाउस होतं, तिथे मी आयुष्यभर स्वयंपाक केला. बदलून आलेले मराठी अधिकारी माशाच्या झोलला, त्या पातळ रश्शाला, कंटाळले की माझ्या भाकरीपाशी यायचे. मोठमोठ्या सह्या करणारे हात मी पिठलं चाटताना पाहिलेत, त्यामुळे साहेब या जातीचं मला फारसं दडपण नाही. सोमण त्यातलेच. बँकेतून तीन वर्षांच्या बदलीवर आले. बदली संपली, नोकरी संपली, साहेब आपले इथेच. लग्न केलं नाही. विचाराधीन होतं म्हणतात.

आता इथल्याच बेहाला भागातल्या एका गल्लीत मी तळमजल्यावर आणि ते बरोबर माझ्या डोक्यावर. गल्लीत मराठी माणसं दोन, आणि त्या दोघांचं एकमेकांशी पटत नाही.

पेटीचं मूळ असं. साहेब शाळेत असताना सोलापूरला एका टॉकीजमध्ये कुठलासा परदेशी चित्रपट लागला होता. त्यात एक कप्तान विमानातून एका ओसाड ग्रहावर उतरतो आणि हातातल्या पेटीने तिथे कोणी जिवंत आहे का ते शोधतो. चित्रपट तीन दिवसांत उतरला. कोणाच्या लक्षात राहिला नाही, फक्त सोमणांच्या राहिला. निवृत्त झाल्यावर लोक काशीला जातात, तीर्थाला जातात. साहेब ती पेटी बनवायला बसले. हुबेहूब.

हुबेहूब म्हणजे काय ते तुम्हाला कळायचं नाही, मलाही कळलं नव्हतं. जगात म्हणे असे आणखी काही लोक आहेत. ते संगणकावर जमतात आणि मुठीचा स्क्रू चपटा होता की गोल, यावर भांडतात. त्यातला एक फिनलंडचा. त्याच्याशी साहेबांचं आख्खा पावसाळा वाजलं होतं. मी जिन्यावर भेटलो की ते त्याच्याबद्दल असं बोलायचे, जसं आमच्याकडे बांधाला बांध असलेल्या भाऊबंदाबद्दल बोलतात.

"जगदाळे, तो माणूस स्क्रू गोल म्हणतो! तांत्रिकदृष्ट्या हे अशक्य आहे."

"मग सोडा ना."

"सोडू? पडद्यावर चपटा आहे!"

साहेबांची दोन वाक्यं अशी कायम तयार. 'तांत्रिकदृष्ट्या' आणि 'पडद्यावर तसंच आहे'. पहिलं ते चुकले की येतं, दुसरं समोरचा बरोबर असला की येतं.

चांदणी मार्केटात त्यांना सगळे ओळखतात. तिथे तारा, दिवे, बटणं असली दुकानं आहेत. एकदा मला ओढून नेलं. साहेब दुकानात शिरले तसा दुकानदाराने चहाचं भांडं खाली ठेवलं आणि हात जोडले, "सोमनदा, ओटा आर पावा जाय ना." ते आता मिळत नाही. साहेबांनी काय मागायचंय ते सांगितलंसुद्धा नव्हतं.

तर बरीच वर्षं ही पेटी नुसती शोभेची होती. बटण दाबलं की दिवा लागायचा, कुईकुई व्हायचं, बस. साहेब खूश, फिनलंड नाराज, कुकरला मूठ नाही. सगळं ठीक चाललं होतं.

मग मी बाथरूममध्ये पडलो.

पडलो म्हणजे घसरलो. सकाळी पडलो तो दुपारी कामवाली येईपर्यंत फरशीवर. मोडलं काही नाही, फक्त माझ्या मुलाचं, महेशचं, डोकं फिरलं. तो पुण्याला इंजिनियर आहे. विमानाने आला आणि अधिकारी आवाजात म्हणाला, "बाबा, पुन्हा असं काही कानावर आलं ना, तर मी विचारणार नाही. सरळ उचलून पुण्याला नेईन."

पुण्याला त्याचं घर अकराव्या मजल्यावर आहे. सून चांगली आहे, फार चांगली. मला गॅसपाशी उभं राहू देत नाही. दिवसभर एका खुर्चीत बसायचं आणि खाली मुंग्यांएवढ्या मोटारी बघायच्या. मला तिथे जायचं नव्हतं. इथे माझी चूल, माझा बाजार आणि भांडायला वरच्या मजल्यावर एक साहेब होता. या वयात माणसाला आणखी काय लागतं?

महेशने जाताना मनगटावर बांधायचं एक बटण दिलं. पडलो की दाबायचं. मी बरं म्हटलं आणि ते तांदळाच्या डब्यात ठेवलं. मी काय गाय आहे गळ्यात घंटा बांधायला? सोमणसाहेबांनी ते डब्यात बघितलं. नेहमीप्रमाणे भाषण देतील वाटलं होतं. त्यांनी नुसतं झाकण लावलं आणि वर गेले.

त्यानंतर साहेबांना नवीनच झटका आला. पेटी खरोखर चालली पाहिजे! नुसता दिवा नको, खरोखर जिवंत माणूस ओळखला पाहिजे.

"अहो, इतकी वर्षं नाटक चालत होतं ना?" मी म्हटलं.

"तांत्रिकदृष्ट्या ती फसवणूक होती."

"पडद्यावर तरी कुठे खरी होती? कोणीतरी मागून दिवा लावत असेल."

हे बोललो आणि पुढचे चार दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. फार शांततेत गेले.

चांदणीतून त्यांनी एक नखाएवढी पट्टी आणली. माणूस श्वास घेतो तेव्हा छाती हलते, तेवढं त्या पट्टीला म्हणे कळतं. पहिली परीक्षा माझ्यावर. मला खुर्चीत बसवलं, पेटी रोखली. काटा हलेना. मग साहेबांनी पेटी वर केली, आणि काटा नाचायला लागला, हिरवा दिवा, कुईकुई. वर छताचा पंखा फिरत होता. म्हणजे पंखा जिवंत आणि मी मेलेलो.

"तुम्ही फार स्तब्ध बसता, जगदाळे," साहेब म्हणाले. चूक माझी!

पुढे कॅलेंडर जिवंत निघालं, वाळत घातलेला लेंगा जिवंत निघाला. मी मात्र महिनाभर मेलेलाच. रोज वर जायचं, खुर्चीत बसायचं आणि मयत ठरून खाली यायचं. शेवटी एका सकाळी हिरवा दिवा लागला तेव्हा साहेबांनी मला मिठी मारली. मी झटकून दिली. माणूस जिवंत आहे एवढ्यासाठी मिठी मारतात का?

मग म्हणाले, पेटीचा दुसरा भाग असतो. तो ग्रहावर ठेवायचा. कप्तान लांब असला तरी ग्रहावर कोणी आहे की नाही ते मधल्या निळ्या दिव्यावर दिसतं. लांबून चालतं का ते बघायला खालचा मजला पाहिजे.

"म्हणजे माझं घर?"

"पडद्यावर तसंच आहे."

अशा रीतीने माझ्या दोन खोल्यांचा ओसाड ग्रह झाला. खोलीत एक आणि बाथरूमच्या दारावर एक, अशा दोन पांढऱ्या डब्या साहेबांनी स्टुलावर चढून ठोकल्या. मी खालून स्टूल धरलं आणि जेवढं बोलता येईल तेवढं बोलून घेतलं. काढा म्हटलं की म्हणायचे, "अजून चाचणी चालू आहे." सरकारी कामासारखी चाचणी.

दुर्गापूजेच्या आधी गल्लीतल्या क्लबची पोरं आली. मंडपाचा देखावा यंदा चंद्राचा होता, पेटी मधोमध ठेवणार होते, वर साहेबांचं नाव लावणार होते. माझ्यासमोरची गोष्ट आहे. ज्या माणसाने एका स्क्रूसाठी फिनलंडशी वैर धरलं, त्याची पेटी बघायला आख्खा बेहाला येणार होता. साहेब म्हणाले, "जमणार नाही. ती ड्यूटीवर आहे."

मी पोट धरून हसलो. क्लबची पोरंही हसली. साहेब हसले नाहीत.

पूजा झाली, दिवाळी झाली. एका सकाळी मनात आलं, बजबजला जाऊन निमाईला भेटावं. निमाई माझ्याबरोबर गेस्टहाउसमध्ये मासे करायचा. चांगले बूट काढले, घातले, चपला दाराबाहेर होत्या त्या तशाच राहिल्या. फोन मी बरोबर घेत नाही, फोन खिशात असला की माणूस दुसऱ्याच्या ताब्यात जातो. दार ओढलं की आपोआप लागतं. साहेब रोज त्यांच्या गॅलरीतून माझं जाणं-येणं बघतात, पण त्या वेळी अंघोळीला गेले असावेत. सांगून जायची मला सवय नाही. माझेरहाटला लोकल पकडली, निमाईकडे जेवलो, जुन्या साहेब लोकांची यथेच्छ निंदा केली आणि संध्याकाळ व्हायच्या आत परत आलो.

गल्लीत शिरलो तर माझ्या घरासमोर गर्दी. पाहतो तर माझं दार बिजागरीतून निघून भिंतीला टेकलेलं.

"ओई तो दादू!" कोणीतरी ओरडलं. "हेटे आशछे!" चालत येतोय म्हणे. मग काय उडत येऊ?

"माझं दार कोणी मोडलं?" मी ओरडलो.

समोरच्या घोषबाई पुढे झाल्या. त्या माझ्याशी हिंदीत बोलतात, मी त्यांच्याशी माझ्या हिंदीत बोलतो. "दादा, चिल्लाइए मत. पहले अंदर जाके सोमनदा को देखिए."

आत माझ्या खाटेवर सोमणसाहेब बसले होते. ज्यांना इस्त्रीच्या शर्टाशिवाय मी कधी बघितलं नव्हतं, ते बनियनवर. एका पायात चप्पल, दुसऱ्यात नाही. मांडीवर पेटी.

काय झालं ते घोषबाईंनीच सांगितलं. साहेब अंघोळ करून आले तर निळा दिवा विझलेला. धावत खाली आले. बेल वाजवली, उत्तर नाही. दाराशी माझ्या चपला, म्हणजे मी घरात. फोन लावला तर तो आत वाजतोय. मग साहेबांनी आख्खी गल्ली गोळा केली. पोरं दाराला खांदा लावत होती तेव्हा साहेब मध्ये मध्ये करत होते. आत मी नाही म्हटल्यावर पोरं दिवसभर दवाखाने पालथे घालत होती आणि साहेब या खाटेवरून हलले नाहीत. घोषबाई म्हणाल्या, सकाळी चहाच्या आधी हा माणूस तो दिवा बघतो. इतके दिवस. आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं, फक्त तुम्हाला सांगू नका म्हणाले होते. सांगितलं तर तुम्ही डबी काढून तांदळात टाकाल म्हणाले.

मी साहेबांकडे बघितलं.

"त्या दिवशी तुम्ही पडलात ना," साहेब पेटीकडे बघत म्हणाले, "मला आवाज आला होता. मी वर मूठ घासत बसलो होतो. वाटलं, भांडं आपटलं असेल. जगदाळे कशावर तरी चिडले असतील. मी घासत राहिलो."

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला, तो मीच उचलला. महेश. दार मोडायच्या आधीच कोणीतरी त्याला कळवलं होतं. मी जिवंत आहे हे ऐकून तो आधी रडला आणि मग त्याचा अधिकारी आवाज परत आला. "बाबा, बस झालं आता. मी रविवारी येतोय. सामान बांधून ठेवा."

साहेबांनी फोन माझ्या हातातून घेतला.

"महेश, सोमण बोलतोय. तुझ्या वडिलांना काही झालेलं नाही. ते फक्त बाहेर गेले होते. माझं यंत्र चुकलं. काम कच्चं आहे माझं, मुळात मला त्यातलं काही येत नाही. उगाच गोंधळ घातला. त्याची शिक्षा त्यांना नको. त्यांना नेऊ नकोस रे."

या माणसाने माझ्या देखत आजवर एक स्क्रूसुद्धा चुकला म्हणून कबूल केला नव्हता.

मी फोन ओढून घेतला. "महेश, ते खोटं बोलतायत. यंत्र उत्तम आहे. घरात कोणी नव्हतं, ते तेच सांगत होतं. आणि हे बघ, मी पडलो असतो तर या वेळी दुपारपर्यंत पडून राहिलो नसतो. दार मोडून माणसं आत आली असती. आलीच आहेत. तुझ्या अकराव्या मजल्यावर तू ऑफिसला गेल्यावर कोण दार मोडेल?"

महेश म्हणाला, "काकांना द्या फोन."

त्यांचं काय बोलणं झालं मला माहीत नाही. साहेब बाहेर जाऊन बोलले. रविवारी कोणी आलं नाही, सुतार आला.

सोमवारी सकाळी मी पिशवी घेतली आणि बाजाराच्या दिशेने न जाता जिना चढलो. गुडघा कुरकुरत होता, मी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. साहेबांनी दार उघडलं. हातात काही नव्हतं, चष्मासुद्धा डोक्यावर होता.

"बाजारात चाललोय," मी म्हटलं.

"मला काही नको. कालची भाजी आहे."

"विचारायला नाही आलो. सांगायला आलो."

साहेब वाकून दारामागे चपला शोधायला लागले.

"थांबा जगदाळे," ते म्हणाले, "मीही येतो."