नऊ नंबरचा अहवाल

पहिल्या सरावाला क्रिसान्तो बालुबार गरम पावांची पिशवी घेऊन आला. बेकरीतून थेट आला होता, भुवयांवर अजून पीठ होतं. कोच तेओदीनं आधी त्याच्याकडे पाहिलं, मग हातातल्या अहवालाकडे, आणि मग तो अहवाल लिहिणाऱ्या मांग उर्बानोंकडे. ('मांग' म्हणजे आमच्या फिलिपिन्समध्ये 'काका'.)

"इथे उंची सहा फूट चार लिहिलीय."

"मी अगदी वरच्या बाकावर बसलो होतो," मांग उर्बानो म्हणाले.

"वरून माणूस बुटका दिसतो, मांग उर्बानो. हा तर माझ्या खांद्याला लागतोय."

मांग उर्बानो वाकून बुटाची नाडी बांधू लागले. त्यांच्या पायात चपला होत्या.

आमच्या काबानातुआनच्या भातगिरणीच्या बास्केटबॉल संघासाठी मांग उर्बानो तीस वर्षं खेळाडू हेरत आले होते. पण मागच्या दोन निवडी फसल्या. एक पोरगा गर्दी पाहिली की गळपटायचा, दुसरा आठवड्यात जहाजावर नोकरीला गेला. तेव्हा कोच तेओदीनं तोंडावर सांगितलं होतं, "यंदाची पहिली निवड तुमची. ही चुकली तर घरी बसून कोंबडे सांभाळा." म्हणून त्यांनी अख्खा उन्हाळा गावोगावच्या स्पर्धा पालथ्या घातल्या आणि एका गावात त्यांना नऊ नंबर दिसला. चार पानी अहवाल लिहिला. 'डाव्या हातात लोणी आहे. आपल्याकडे बास्केटखाली उभं राहणारे तिघे आहेत, त्यांना पास देणारा हाच. गर्दीला भीत नाही.' शेवटी तक्रारही होती: 'बाकावरचा एक जाड्या समोरचे काय करणार ते आधीच ओरडून सांगतो, त्यानं डोकं उठलं.' आमच्या प्रांतिक लीगमध्ये चाचणीबिचणी नसते. सभागृहात नाव पुकारतात आणि खेळाडूच्या घरी पत्र जातं.

घोटाळा काय झाला ते मांग उर्बानोंना अर्ध्या मिनिटात कळलं. गावच्या स्पर्धेत त्या गावचेच रहिवासी खेळू शकतात, असा नियम आहे. म्हणून प्रत्येक गाव बाहेरून एक उंच गडी आणतं आणि गावातल्याच कुणाच्या तरी नावावर खेळवतं. नाववाला बिचारा दुसऱ्याच नंबरचा शर्ट घालून बाकावर बसतो. हे पंचांना माहीत असतं, पाद्रीबाबांना माहीत असतं. मांग उर्बानो स्वतः तरुणपणी तीन गावांत तीन नावांनी खेळले होते. त्यातलं एक नाव तर वारलेल्या माणसाचं होतं. आणि त्यांनीच यादीतलं नऊ नंबरसमोरचं नाव डोळे मिटून उतरवून घेतलं होतं.

त्याच क्षणी 'चुकलो' म्हटलं असतं तर विषय तिथेच संपला असता. पण जीभ रेटेना.

"गडी लाजतोय," ते म्हणाले. "हळूहळू खुलेल."

क्रिसान्तो खुलला नाही. आठवडाभर त्याचा चेंडू बास्केटच्या आसपासच्या सगळ्या गोष्टींना लागला.

"डाव्या हातातलं लोणी कुठाय?" कोच विचारायचा.

"हवा गरम आहे," मांग उर्बानो सांगायचे. एकदा त्यांनी बॉलमध्ये दोष काढला, एकदा फरशीत. फरशी सगळ्यांनाच सारखी आहे, हे कोचनं सांगितल्यावर त्यांनी बुटांचा विषय काढला. तेवढ्यात गिरणीच्या मालकीणबाईंनी अहवाल वाचून फाटकावर मोठा फलक लावला: 'गर्दीला न भिणारा क्रिसान्तो'. रोज त्या फलकाखालून जाताना मांग उर्बानो टोपी डोळ्यांवर ओढून घेत. त्यांना स्वतःची मनापासून लाज वाटत होती, आणि लाज जितकी वाढे तितकं त्यांचं थापा मारणंही वाढे.

शेवटी रविवारी ते त्या पोराला खरं सांगून टाकायला त्याच्या घरी गेले. दारातच क्रिसान्तोच्या आईनं मानानं त्यांचा हात आपल्या कपाळाला लावला आणि त्यांना भिंतीपाशी नेलं. तिथे बाळ येशूच्या शेजारी, पत्रासोबत आलेली चार पानी अहवालाची प्रत चौकटीत लावलेली होती.

"मी याला पंचवीस वर्षं वाढवलं," ती म्हणाली, "पण याच्या डाव्या हाताचं मला कधी कळलं नाही हो. ते ओळखायला नजर लागते. यानं बेकरीही सोडली बघा. बसा, जेवा."

मांग उर्बानोंनी शेवयांच्या तीन बश्या खाल्ल्या, कारण तोंड भरलेलं असलं की बोलावं लागत नाही. क्रिसान्तो त्यांना रिक्षापर्यंत सोडायला आला. अर्ध्या वाटेत तो थांबला.

"सर, नऊ नंबर मी नव्हतो."

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"तू पाव घेऊन आलास तेव्हापासून."

"मग बोलला का नाहीत?"

"तू का नाही बोललास?"

क्रिसान्तो पायानं माती उकरू लागला. "पत्र आलं तेव्हा आई रडली. पहिल्या दिवशी तुम्ही हाकलाल असं वाटलं होतं. तुम्ही काहीच बोलला नाहीत, मग वाटलं, यांना खरंच काहीतरी दिसलं असेल. नऊ नंबर रेनिएल होता. तार्लाकहून आणलेला. मी बाकावर होतो."

"आणि तो ओरडणारा जाड्या?"

"मीच, सर."

सोमवारी दोघांनी कोचपुढे उभं राहून सगळं सांगितलं. कोच तेओदीनं अहवालाचं शेवटचं पान पुन्हा वाचलं.

"करार आहे, हंगामभर याला ठेवावाच लागणार. बाकावर बसू दे. आणि मांग उर्बानो, तुम्हीही याच्या शेजारी बसा. तुमचं डोकं उठू दे."

हंगामाच्या शेवटच्या सामन्यात समोर तार्लाकच्या साखर कारखान्याचा संघ होता. त्यांच्यात रेनिएल होता, या खेपेला स्वतःच्या नावानं. त्यानं एकतीस गुण केले. "बघितलंत? डाव्या हातात…" मांग उर्बानो उठून म्हणाले, कोचनं वळून पाहिलं, आणि ते बसले. आम्ही एका गुणानं पुढे होतो, शेवटचे चार सेकंद उरले होते आणि चेंडू रेनिएलकडे होता.

"उजवीकडे बघेल, पण डावीकडून जाईल," क्रिसान्तो बाकावरून बेंबीच्या देठापासून ओरडला. गावच्या स्पर्धेत उन्हाळाभर त्यानं आपल्या नावावर चाललेला रेनिएलचा खेळ बाकावरून पाहिला होता. आमचे दोघे डावीकडे धावले आणि रेनिएलचा चेंडू अडला.

सामन्यानंतर पत्रकारानं मांग उर्बानोंना गाठलं. "हा क्रिसान्तो म्हणजे तुमचीच निवड. इतक्या पोरांत तुम्हाला हा दिसला कसा?"

मांग उर्बानोंनी आधी कोचकडे पाहिलं, मग चपलांकडे. वाकायला नाडी नव्हती.

"नाही दिसला," ते म्हणाले. "मी दुसऱ्यालाच बघत होतो. याच्या तर ओरडण्याला मी वैतागलो होतो."

दुसऱ्या दिवशी पेपरात छापून आलं की एवढी पारखी नजर असूनही मांग उर्बानो सगळं हसण्यावारी नेतात, असा विनयशील माणूस विरळा. क्रिसान्तोच्या आईनं ते कात्रण चौकटीत बसवलं आणि मांग उर्बानोंना जेवायला बोलावलं. ते गेले आणि पाठ त्या भिंतीकडे करून बसले.