साकव साहेब

मार्चचा शेवटचा आठवडा लागला की बनसोडे काका आमच्या मजल्यावर दारोदार फिरतात आणि एकच प्रश्न विचारतात, "घरात काय काय शिल्लक आहे?"

नव्या भाडेकरूंना वाटतं, काका वर्गणी मागायला आलेत. तसं काही नसतं. काकांना आर्थिक वर्ष संपताना काही उरलेलं सहनच होत नाही. त्या आठवड्यात ते दुपारच्या जेवणानंतरही दात घासतात, लोणच्याची बरणी तळापर्यंत खरवडतात आणि पावडर इतकी थापतात की शर्टाची कॉलर पांढरी होते. मोबाइलचा डेटा उरला असेल तर जिन्यात बसून परदेशातल्या आगगाड्यांचे व्हिडिओ बघत तो संपवतात. "उरलं की पुढच्या वर्षी कमी मिळतं," हे त्यामागचं शास्त्र. टूथपेस्ट पुढच्या वर्षी कमी कोण देणार, असं मी एकदा विचारलं. काकांनी माझ्याकडे अशा काही नजरेने पाहिलं की पुन्हा विचारायची माझी छाती झाली नाही.

काका आयुष्यभर ठाण्याला बांधकाम खात्याच्या लेखा शाखेत होते. निवृत्त झाले ते फक्त पगारापुरते, भाषा खात्याचीच राहिली. घरी पाहुणे यायचे असले की शालन काकू चहा करत नाहीत, चहाची 'तरतूद' होते. पाहुणे आले नाहीत तर तो चहा 'अखर्चित' राहतो आणि मग आमच्याकडे 'वळवला' जातो. मी घरीच शिकवण्या घेते, त्यामुळे वळवलेला चहा बहुतेक माझ्याच वाट्याला येतो. माझी मावशी अकाली गेली तेव्हा काका भेटायला आले आणि उठताना म्हणाले, "बरंच अखर्चित राहिलं त्यांचं." तेव्हा मला त्यांचा भयंकर राग आलेला. पण त्या दिवसांत माणसं येऊन जे जे बोलून गेली त्यातलं आज मला तेवढंच आठवतं.

काकूंना या भाषेची सवय झालीय. "आमचं लग्नपण मार्चातच झालं," असं त्या मला सांगतात. "उरलेली तरतूद संपवायला केलं असेल यांनी."

यावर काका गंभीरपणे म्हणतात, "फेब्रुवारीत झालं, शालन. मार्चात खर्ची पडलं."

आमची वसाहत शहाडच्या बाजूला, एका नाल्याच्या काठावर आहे. नाल्यापलीकडच्या इमारतीत काकूंची थोरली बहीण, आक्का, मुलगा-सुनेकडे राहते. आमच्या आणि त्यांच्या वसाहतीमध्ये पूर्वी एक साकव होता. साकव म्हणजे ओढ्या-नाल्यावरचा पायी जाण्यापुरता लहानसा पूल. दुपारचं आवरलं की काकू त्यावरून पलीकडे जायच्या नाहीतर आक्का अलीकडे यायची. दोघी मिळून लसूण सोलायच्या, सुनांची मापं काढायच्या आणि दिवेलागणीला आपापल्या घरी परतायच्या. मग तो साकव धोकादायक ठरला आणि पाडला गेला. लगेच नवा बांधणार होते. तेव्हापासून दर वर्षी अंदाजपत्रकात त्याच्यासाठी पैसे ठेवले जातात, वर्षभर त्यांना कोणी हात लावत नाही आणि मार्च आला की ते दुसरीकडे जातात.

कुठे जातात ते काकांना चोख ठाऊक असतं. त्यांच्यासोबत बाजारात जाणं म्हणजे एक शिक्षाच आहे. चौकातल्या कारंज्यापाशी ते थांबतात. "हा आपला पाया," म्हणतात. दुभाजकावरच्या रंगीत दिव्यांकडे बोट करून, "हा डावीकडचा कठडा." उद्यानाच्या दारात फायबरचे दोन फ्लेमिंगो उभे केलेत. काका त्यांच्याकडे बराच वेळ बघत राहतात आणि म्हणतात, "हे आपले खांब, मीनल. बघ, एका पायावर उभे केलेत." कारंज्यातून पाणी येत नाही, दिव्यांतले निम्मे लागत नाहीत. मला हसू येतं आणि लगेच ओसरतं, कारण दोन वर्षांपूर्वी काकूंच्या पाठीचं ऑपरेशन झालं. वॉकर धरून सपाटीवर सावकाश चालायला डॉक्टरांची परवानगी आहे, रिक्षाला सक्त मनाई. नाल्याला वळसा घालून पलीकडे जाणारा रस्ता असा आहे की धडधाकट माणसाचेही मणके जागा सोडतील. त्या रस्त्याचे पैसे कुठे गेले हे मी काकांना विचारलेलं नाही. अजून एखादं कारंजं बघायची माझी तयारी नाही.

आणि गेल्या वर्षापासून आक्का विसरायला लागली. आधी गॅस बंद करायला, मग वार, मग नातवंडांची नावं. तिला घराबाहेर काढलं की ती घाबरते, जिन्यातच रडायला लागते, त्यामुळे तिला इकडे आणायचं नावच नको. फोनवर काकूंचा चेहरा दाखवला तर सुनेला विचारते, "ही कोण बाई?" काकूंनी त्यानंतर तसला फोन लावायचं बंद केलं. समोर जाऊन उभी राहिले तर ती मला ओळखेल, असं त्या म्हणतात. हातात हात दिला की ओळखेल. आज ना उद्या तेही राहणार नाही, हे आम्हा सगळ्यांनाच कळत होतं.

म्हणून यंदाचा मार्च आमच्या जिवाला घोर लावणारा होता. टेंडर झालेलं, ठेकेदार ठरलेला, फक्त वर्क ऑर्डर निघायची बाकी होती. काका रोज दुपारी पिशवी घेऊन बाहेर पडायचे आणि उन्हं उतरल्यावर परत यायचे. कार्यालयात पाठपुरावा करतायत असं मी धरून चालले. त्यांचं खाणं कमी झालं. बोलता बोलता मध्येच थांबून ते आमच्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायचे. त्यांची ती काळजी मलाही लागली, सर्दी लागते तशी. मुलांना अपूर्णांक शिकवताना माझा जीव त्या वर्क ऑर्डरीत अडकलेला असायचा.

शेवटी एक दिवस मी त्यांच्यासोबत गेले. ते कार्यालय कोणतं हे मी सांगणार नाही, मला अजून इथेच राहायचंय. टेबलामागे एक तरुण इंजिनिअर होता. नवीनच लागलेला, बोलायला गोड. त्याने आम्हाला बसायला खुर्च्या दिल्या, संगणकात डोकावला आणि म्हणाला, "साकव साहेब नाही आले का तुमच्यासोबत?"

"कोण?" काका म्हणाले.

"साकव. त्यांचीच फाइल आहे ना ही? 'साकव, नाल्यावरील.' आम्ही कधीपासून त्यांच्या आधार कार्डाची झेरॉक्स मागतोय सर, पण ते येतच नाहीत. म्हणून मग तक्रार विभागात पाठवून ठेवली."

मला फसकन हसू आलं. काकांकडे पाहिलं आणि ते जागच्या जागी विरलं. काका पांढरेफटक पडले होते. कारण वर्क ऑर्डर लवकर काढा म्हणून वसाहतीने दिलेला अर्ज मी लिहिला होता, आणि मी लिहिलं होतं 'छोटा पूल'. काकांनी ते स्वतःच्या हाताने खोडून 'साकव' केलं होतं. "अंदाजपत्रकात शब्द साकव आहे," असं मला बजावलेलं. "पूल लिहिलंस तर फाइल भलत्याच खर्चाच्या हेडखाली जाईल."

"बाळा," काका हळू आवाजात म्हणाले, "साकव हे माणसाचं नाव नाही. साकव म्हणजे लहान पूल."

"अरे," पोरगा खरोखरच ओशाळला. "मग पूलच लिहायचं ना सर. आम्हाला कसं समजणार?"

त्याने फाइल स्वतः उचलून नेली, तीन टेबलांवर विनवण्या केल्या. वाईट मुलगा नव्हता. पण साहेब मीटिंगला गेलेले, मग सुट्ट्या आल्या, मग सही करणारे रजेवर गेले. एकतीस तारखेला संध्याकाळी त्यानेच फोन केला. पैसे सेल्फी पॉइंटकडे गेले होते. आपल्या गावावर आपलं प्रेम आहे असं मोठाल्या अक्षरांत लिहिणार होते.

काका फोन ठेवून म्हणाले, "माझ्या एका शब्दापायी गेलं." मी म्हटलं, असं काही नाही काका, पूल लिहिलं असतं तरी गेलंच असतं, दर वर्षी जातंच की. माझं म्हणणं खरं होतं, पण त्यांच्यापर्यंत पोचलं नाही. आतून काकू भांडी घासत असल्याचा आवाज तेवढा येत राहिला.

एप्रिल उजाडला तरी काकांचं रोज दुपारी बाहेर पडणं थांबेना. आता कसला पाठपुरावा, मला कळेना. एकदा ते आंघोळीला गेलेले असताना काकूंनी मला हाक मारली.

"मीनल, एक काम करशील? हे रोज आक्काकडे जातात. परत आले की सांगतात, बरी आहे, तुझी आठवण काढते, तुझ्या हातची भाजी मागते. रोज तेच. मला यांच्या सांगण्याचा भरवसा वाटत नाही गं. तू एकदा डोळ्यांनी बघून ये. आणि मला खरं सांग."

म्हणजे काका महिनाभर ऑफिसात नव्हे, तिथे जात होते. ऑफिसात जायचे ते जाता जाता. मी त्यांच्यासोबत निघाले तेव्हा त्यांनी का म्हणून विचारलंच नाही. फक्त रिक्षात म्हणाले, "ऑडिट का?" मी मान डोलावली. आदळआपट सोसत आम्ही पलीकडे पोचलो.

आक्का खिडकीशी खुर्चीत बसली होती. लहान चणीची, स्वच्छ, केस नीट विंचरलेले. सून चहा टाकायला आत गेली. काका तिच्यासमोर स्टुलावर बसले आणि पिशवीतून लसूण काढला. दोघं सोलायला लागली. काकांना लसूण सोलता येत नाही, पाकळ्यांचं पीठ करत होते.

"तुम्ही कुठल्या ऑफिसातून आलात?" आक्काने विचारलं.

"बांधकाम खातं," काका म्हणाले.

"आमची शालन पलीकडे राहते. येत नाही आताशा. रागावली का माझ्यावर?"

काकांचा हात थांबला नाही. "असं काय करता आक्का? सकाळीच येऊन गेली की. साकवावरून चालत आलेली. इथेच बसलेली, माझ्या जागेवर."

आक्काने आठवायचा प्रयत्न केला. कपाळावर आठ्या आल्या आणि हळूहळू गेल्या. "हो की," ती म्हणाली. "मी चहा केलेला तिला." मग माझ्याकडे वळून, जरा धास्तावल्यासारखी, "तू पाहिलंस ना तिला?"

काकांनी मान वर केली नाही.

"मीच हात धरून आणलं त्यांना, आक्का," मी म्हणाले.

परतताना काका रिक्षातून बाहेर बघत होते. मग म्हणाले, "अख्ख्या नोकरीत एक खोटी नोंद केली नाही मी. आता रोज एक करतो. ही शिल्लक पुढच्या दिवसात ओढता येत नाही गं. दुसऱ्या दिवशी तिचं परत तेच, शालन रागावली का. एक दिवस मी गेलो नाही तर तो सगळा दिवस ती तशीच बसून राहील." त्यांनी चष्मा पुसला. मला त्यांचा हात धरावासा वाटला, आणि मी धरला.

काकू दारातच वॉकर धरून उभ्या होत्या. काका चपला काढायला खाली वाकले ते वाकलेलेच राहिले.

"ओळखते का गं मला?" काकूंनी विचारलं.

खरं सांगायचं मी कबूल केलं होतं. "तुम्ही आज सकाळी येऊन गेलात म्हणाल्या."

काकू माझ्याकडे बघत राहिल्या. मग वाकलेल्या काकांच्या पाठीकडे त्यांनी पाहिलं, कितीतरी वेळ.

"सकाळी," त्या म्हणाल्या. "मग, चहा दिलेला का तिने मला?"

"दिलेला," काका खालूनच म्हणाले.

"साखर जास्त झालेली असणार," काकू म्हणाल्या, आणि एक हात वॉकरवरून काढून त्यांनी तो काकांच्या खांद्यावर ठेवला.